साभार पोच : महाड-पोलादपूरची आलेली आणि न आलेली पुस्तके

मासिकाच्या शेवटच्या पानांवर, वर्गणीच्या सूचनेच्या आसपास, बारीक टायपात एक यादी असते. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत; वर मथळा ‘साभार पोच’. मराठीत निघणाऱ्या बहुतेक पुस्तकांच्या वाट्याला येणारी छापील दखल एवढीच. लेखकाने अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवलेल्या असतात, सोबत हाताने लिहिलेले पत्र असते, महिनाभराने ‘पुस्तक पोचलं का?’ असा फोनही होऊन गेलेला असतो. एवढे करून पदरात पडते ती ही एक ओळ, म्हणून लेखक हिरमुसतात. माझे मत उलटे आहे. मराठी परीक्षणांची आजची अवस्था पाहता पुस्तकाच्या खऱ्या उपयोगाची हीच ओळ, आणि तीसुद्धा धड लिहिली जात नाही ही तक्रार असायला हवी. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून, किंवा त्यांच्याविषयी, जी पुस्तके येत राहतात त्यांच्यावरून हे दाखवता येईल. इथल्या एका लहान नियतकालिकाची पुस्तकांची पाने मी सांभाळतो, त्यामुळे पाकिटे फोडण्याचे काम माझ्याकडे आहे.

पुणे-मुंबईच्या प्रकाशकांच्या हिशेबात हा मुलूख आडबाजूचा. पण पुस्तकांशी त्याचे नाते जुने आहे. शिवथरघळ महाड तालुक्यातली. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी संप्रदायाची परंपरा. पण हीच ती घळ हे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढले ते १९३० साली. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांचे चरित्र संस्कृतात रचणाऱ्या या कवीचे ‘शिवभारत’ आपल्या हाती लागले ते तंजावरच्या सरस्वती महालातल्या हस्तलिखितामुळे. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ साली छापून आणले. समाधी सावित्रीकाठी आणि पोथी कावेरीकाठी. लांबच्या एका कपाटात प्रत राहिली म्हणून ग्रंथ वाचला. ही गोष्ट पुढे पुन्हा काढावी लागणार आहे.

त्याच १९२७च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच्याही आधी, १८८८ साली, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली होती. लष्करातून निवृत्त झालेल्या माणसाने जातिभेदाबद्दल विचारलेले ते थेट प्रश्न. आणखी एक नाव सांगायचे तर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली रायगडाच्या पायथ्याकडच्या नाते गावात जन्मले. अर्थखात्याच्या कामाइतकेच मन लावून त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले. म्हणजे दोन तालुक्यांचे कपाट रिकामे नाही. प्रश्न आहे तो त्याची यादी कुणी ठेवली याचा.

यादी ठेवणे पहिल्यांदा सरकारला सुचले, आणि तेही साहित्यप्रेमापोटी मुळीच नव्हे. १८५७ नंतर कोण काय छापतो यावर डोळा ठेवायचा होता. १८६७च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारजमा करणे आले, त्यांच्या तिमाही याद्या निघू लागल्या. पाळत ठेवण्यासाठी केलेल्या या याद्यांचा पुढे चांगला उपयोग झाला: न्यायमूर्ती रानडे यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला तो अशा नोंदींच्या आधारावर. मग शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ हाती घेतली आणि १८००पासूनच्या छापील मराठी पुस्तकांची मोजदाद केली. आज एखाद्या गावाविषयी शंभर वर्षांपूर्वी कुणी काही लिहिले होते का, हे पाहायचे असेल तर कुठल्याही जुन्या परीक्षणापेक्षा दाते उपयोगी पडतात. शोधताना एवढे लक्षात ठेवायचे, की आजचा रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१पर्यंत कुलाबा होता. ‘रायगड’ या शब्दाने शोधणाऱ्याला फक्त किल्ला सापडतो.

परीक्षणाची गोष्टही त्या १८६७च्या कायद्याच्या सुमारासच सुरू होते. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७चे आणि चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ची. नव्या पुस्तकाकडे गांभीर्याने पाहावे, त्याची चिरफाड करावी, हे मराठीला या दोघांनी शिकवले. चिपळूणकरांची भाषा आजही वाचावीशी वाटते. पण जोतीराव फुल्यांची पुस्तके त्यांच्यासमोर आली तेव्हा त्यांची नजर व्याकरणात अडकली आणि थट्टेवर भागले. भाषेचा एवढा जाणकार माणूस ‘गुलामगिरी’त काय म्हटले आहे ते ऐकू शकला नाही. वलंगकरांसारख्यांच्या पुस्तिकांचा माग म्हणूनच आपल्याला परीक्षणांतून फारसा लागत नाही. तो चळवळीच्या इतिहासकारांकडे जाऊन लावावा लागतो. परीक्षकाच्या आवडीनिवडीतून निसटलेले पुस्तक यादीत तरी राहावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

विसाव्या शतकात या क्षेत्राला बरे दिवस आले होते. वसंत दावतरांनी १९६२ साली ‘आलोचना’ काढले, केवळ समीक्षेला वाहिलेले, आणि त्यात परीक्षकाचे नाव छापायचे नाही असा दंडक ठेवला. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्येही १९७४पर्यंत परीक्षणे निनावीच असत. १९६४च्या जानेवारीत ‘ललित’ सुरू झाले आणि ग्रंथव्यवहाराच्या बातम्यांना घर मिळाले. ‘ठणठणपाळ’ या नावाने जयवंत दळवींनी भल्याभल्यांच्या टोप्या उडवल्या. वाईचे ‘नवभारत’ तर आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले की आमच्या शेजारचेच. त्यातली परीक्षणे लांब, कधी कंटाळवाणी, पण पुस्तक शेवटपर्यंत वाचून लिहिलेली असत.

आता जे छापले जाते त्याला ‘परिचय’ म्हणतात. दीड-दोन कॉलमांचा मजकूर: पहिल्या परिच्छेदात लेखकाची ओळख, मध्ये प्रस्तावनेचा गोषवारा, शेवटी मुखपृष्ठकाराचे कौतुक आणि ‘संग्रही असावे असे’. प्रस्तावना ज्यांची, प्रकाशन समारंभाचे अध्यक्ष तेच, आणि परिचयही बऱ्याचदा त्यांचाच. काही पाकिटांत लेखक परिचयाचा मजकूर तयार करूनच पाठवतात, नाव तेवढे घालायचे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली परीक्षकाच्या हलाखीवर एक निबंध लिहिला होता. त्याचे म्हणणे असे, की बहुतेक पुस्तकांना हातच लावू नये. मोजक्या महत्त्वाच्या पुस्तकांवर भरपूर लांब लिहावे. येऊ घातलेल्या पुस्तकांची एक-दोन ओळींची नोंद उपयोगी असते. निरुपयोगी असते ते मधल्या लांबीचे परीक्षण. आपण नेमके मधलेच तेवढे ठेवले आहे.

तालुक्याच्या ठिकाणी यात आणखी एक पेच येतो. पुण्यातला परीक्षक मोकळा असतो, पण त्याला इथले ठाऊक नसते. सावित्रीला पूर कसा येतो हे लेखकाने चुकीचे सांगितले तरी त्याच्या ते लक्षात येत नाही. इथल्या परीक्षकाला चूक पहिल्या फटक्यात दिसते, पण लेखक त्याला संध्याकाळी शिवाजी चौकात भेटणार असतो आणि लेखकाची सून परीक्षकाच्या मुलाची शिक्षिका असते. ‘आलोचना’चा निनावी उपाय महाडात चालणार नाही; दुसऱ्या परिच्छेदापर्यंत लिहिणारा कोण ते सगळ्या बाजारपेठेला कळेल. यावर मला अजून तोड सापडलेली नाही. पुस्तकांची अदलाबदल करावी, आमची चिपळूणच्या मंडळींनी पाहावीत आणि त्यांची आम्ही, असे मात्र वाटत आले आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखांनी मनावर घेतले तर हे जमण्यासारखे आहे.

येणाऱ्या पाकिटांत कविता सर्वांत जास्त, हे सांगायलाच नको. त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही; सगळ्या महाराष्ट्रात येतात तशाच त्या आहेत आणि त्यांत सावित्रीचे नाव आले म्हणून त्या महाडच्या होत नाहीत. दुसरा मोठा गठ्ठा प्राध्यापकांच्या ग्रंथांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांनी बढतीला गुणांची मोजणी जोडली, आणि मग आयएसबीएन असलेल्या पुस्तकांचे पीक आले. परिसंवादातले निबंध जसेच्या तसे बांधलेले, शुद्धलेखन रामभरोसे. त्यांतला एखादा निबंध खरोखर कष्टाने केलेला असतो आणि तो बाकीच्यांच्या ओझ्याखाली दबून जातो. अशा ग्रंथाच्या पोचेत त्या एका निबंधाचे नाव द्यावे, एवढे संपादकाला करता येते.

रायगडावरची पुस्तके हा वेगळाच कारखाना आहे. शां. वि. आवळसकरांची ‘रायगडची जीवनकथा’ कागदपत्रांवर उभी आहे, गो. नी. दांडेकरांचे रायगडावरचे लेखन पायांवर. या दोघांनंतर आलेल्या पुस्तकांपैकी बरीचशी या दोघांतूनच उचललेली असतात, आणि आवळसकर जिथे ‘असावे’ म्हणून थांबतात तिथे नवे लेखक बेधडक ‘आहे’ म्हणतात. ६ जून जवळ आला की अशी पाकिटे वाढतात. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. त्यांच्यावरही पुस्तके येतात, पण उमरठ गाव आज कसे आहे हे त्यांत शोधूनही सापडत नाही.

चवदार तळ्याची स्थिती याहून चांगली आहे. कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे हे महाड तालुक्यातले, तळ्याचे पाणी घेतले त्या १९२७च्या परिषदेमागच्या मुख्य माणसांपैकी एक; त्यांच्या आठवणी त्यांच्या मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, पुस्तकरूपाने आणल्या. आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरचा इंग्रजी ग्रंथ २०१६चा. परिषदेआधीची जमवाजमव, महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा केलेला आणि अमलात न आलेला ठराव, सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांचा सहभाग, हे सगळे या दोन पुस्तकांतून सलग वाचता येते. या विषयावर नवे पुस्तक आले की मी आधी एवढेच पाहतो: लेखकाने मोरे वाचले आहेत का? वाचले नसतील तर पुढची शंभर पाने भाषणाची असतात.

माझ्या मते सर्वांत मोलाची पुस्तके मात्र अशी असतात, की त्यांना पुस्तक म्हणावे की नाही इथूनच अडते. गावाच्या मुंबई मंडळाच्या स्मरणिका. पोलादपूरच्या खोऱ्यांतला माणूस तीन-चार पिढ्या मुंबईला कामाला आहे आणि प्रत्येक गावाचे मुंबईत एक मंडळ आहे. ढवळी नदीच्या खोऱ्यातल्या एका गावाची अशीच स्मरणिका समोर आहे. मुखपृष्ठावर ग्रामदेवतेचा रंगीत फोटो, आत शुभसंदेश, केटररच्या आणि मंडपवाल्याच्या जाहिराती, पोवाड्याच्या चालीवर गावाचे वर्णन. किमतीच्या जागी काही नाही. आयएसबीएनचा प्रश्नच नाही. परीक्षक इथवर पाहून ती बाजूला ठेवील. पण शेवटी देणगीदारांच्या दोन याद्या आहेत: मंदिराच्या जुन्या जीर्णोद्धाराची एक आणि नव्याची एक. जुन्या यादीतले पत्ते लालबाग, डिलाईल रोड, काळाचौकी. एकेका खोलीच्या क्रमांकावर पाच-सहा नावे, म्हणजे गावातल्या माणसांनी मिळून राहायची गाळ्याची खोली. नव्या यादीत तेच आडनाव दिवा, नालासोपारा, विरारला गेलेले आणि एका पत्त्यावर एकच नाव. जुन्या यादीत एकही बाई नाही. नव्यात लेकी आणि सुना स्वतःच्या नावाने देणगी देतात. १९८२च्या गिरणी संपाचा त्या स्मरणिकेत शब्दानेही उल्लेख नाही, आणि तरीही संपाने या गावाचे काय केले ते त्या दोन याद्यांत आहे. पोलादपूरच्या स्थलांतरावर कुणाला प्रबंध लिहायचा असेल तर त्याने अशा वीस स्मरणिका गोळा कराव्यात. त्या कुठल्याही ग्रंथालयात नाहीत. मंडळाच्या खजिनदाराच्या पोटमाळ्यावर आहेत.

पुराची पुस्तके येऊ लागली ती अलीकडे. २००५च्या जुलैत जुई, दासगाव परिसरात दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीवरचा जुना पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ला महाड शहर बुडाले आणि त्याच दिवशी तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. यांच्यावर लिहिणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण बहुतेकांचा पूर ‘निसर्गाचा कोप’ या दोन शब्दांत आटोपतो. महाबळेश्वरच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस सावित्रीतून काही तासांत खाली येतो. त्याच वेळी बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढत असेल तर पाण्याला जायला वाट राहत नाही. पात्रात गाळ साठून बेटे झालेली. दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाने पाणी तुंबते ही इथल्या लोकांची जुनी तक्रार. हे चारही धागे घेऊन, तारीखवार, कोणत्या आळीत किती वाजता किती पाणी होते याच्या नोंदींसह लिहिलेले मराठी पुस्तक माझ्या टेबलावर अजून आलेले नाही. दुकानांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा होत्या. रंग दिला की त्या जातात.

न आलेल्या पुस्तकांची यादी अशी लांबत जाते. बिरवाडीजवळची रासायनिक कारखान्यांची वसाहत, तिथे कामाला गेलेली पिढी आणि नदीच्या पाण्याचे झालेले काय, यावर काही नाही. महाड आणि खाडीकाठच्या गावांतला कोकणी मुसलमान समाज, त्याची बोली, आखातातल्या नोकऱ्या, कातकऱ्यांच्या वाड्या, शेळ्या-म्हशी घेऊन डोंगरावर राहणारे धनगर. यांच्यावर दुसऱ्यांनी लिहिलेले थोडे येते, त्यांनी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीच नाही.

काही पुस्तके मात्र असतात आणि परीक्षणाला येत नाहीत, कारण त्यांना परीक्षणाची गरज वाटत नाही. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला चवदार तळ्यापासून क्रांतिस्तंभापर्यंत पुस्तकांचे स्टॉल लागतात. सोळा पानांपासूनच्या पुस्तिका, गीतांची, भाषणांची, चरित्रांची. माणसे भाकरी बांधून आलेली असतात आणि जाताना पिशवीत पुस्तक असते. प्रकाशन समारंभ नाही, प्रस्तावना नाही, साभार पोच नाही, आणि खप मात्र आमच्याकडे येणाऱ्या कुठल्याही कवितासंग्रहाने हेवा करावा असा. यांच्या नोंदी ठेवायच्या तर संपादकाने पाकिटाची वाट पाहत बसू नये, त्या दिवशी पिशवी घेऊन स्टॉलवर जावे आणि विकत घ्यावीत.

टपालाचेही दोन शब्द. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने नोंदणी केलेल्या बुक पोस्टची सवलत अचानक बंद केली आणि पुस्तक पाठवणे एकदम महागले. ओरड झाली, मग १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. दर ठीक आहेत, पण कोणते पुस्तक त्यात बसते याच्या अटी आहेत. गावच्या स्मरणिकेसारख्या जाहिराती असलेल्या छपाईला तो दर मागायला गेलात तर वाद घालायची तयारी ठेवा. पूर्वीची सोय निमूट होती. आता लेखक म्हणतात, ‘पीडीएफ पाठवतो.’ पीडीएफ आम्ही घेतो, पण तिची पोच छापत नाही. कारण वर्षभराने ती कुणाच्याच फोनमध्ये नसते.

आणि कागदी प्रत आली तरी ती राहते कुठे? २०२१च्या पुरात बाजारपेठेतले तळमजले बुडाले तेव्हा सामानाबरोबर घराघरांतली पुस्तकेही गेली. कागद भिजला की पाने एकमेकांना चिकटतात आणि चिखलासकट वाळून वीट होते. ती उघडत नाही. विम्याच्या पंचनाम्यात फ्रिज असतो, मिक्सर असतो. पणजोबांच्या सहीची पोथी कुणी लिहून देत नाही. म्हणून परमानंदांची गोष्ट. या दोन तालुक्यांवरचे पुस्तक फक्त या दोन तालुक्यांत असून चालणार नाही. त्यासाठी कायदाही आहे: १९५४च्या ग्रंथ-वितरण कायद्यानुसार प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने एकेक प्रत धाडायची असते. न धाडल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. तो कुणी वसूल केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकांना तर हा कायदा आहे हेच माहीत नसते. १८६७च्या कायद्याची जागा २०२३च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो फक्त नियतकालिकांपुरता आहे. म्हणजे पुस्तकांसाठी उरला तो हा १९५४चाच.

तेव्हा लिहिणाऱ्यांना आणि मंडळांच्या चिटणीसांना विनंती. शीर्षकपानाच्या मागे वर्ष, गाव, तालुका आणि प्रकाशकाचा पूर्ण पत्ता छापा, स्मरणिकेवरही. पन्नास प्रती कमी वाटल्या तरी चालतील, पण मुंबई आणि कोलकात्याच्या प्रती आधी रवाना करा. गावच्या वाचनालयाला द्याल ती प्रत माडीवरच्या कपाटात ठेवायला सांगा. आमच्याकडे एकच प्रत पुरे, पिन ४०२३०१. परीक्षणाची हमी देत नाही. पोच पुढच्या अंकात, पृष्ठसंख्येसह छापू.